शेळी की माणूस

आमच्या पठारावर विमान पूर्वी आधी ऐकू यायचं, मग दिसायचं. शेताकडे निघालेल्या बायका घरघर कानावर आली की कुंपणापाशी थांबायच्या आणि विमान टेकून पुढे गेलं की पदर खोचून धावपट्टी ओलांडायच्या. वैमानिक तयार करणाऱ्या एका संस्थेने ही खासगी धावपट्टी गाव आणि शिवार यांच्या बरोबर मधोमध घातली होती. पुलाखालून जाणारा रस्ता होता, पण त्याला चार किलोमीटरचा वळसा. मोरीपाशी कुंपण हातभर उचललेलं होतं आणि तिथून पलीकडचं शेत दोन मिनिटांवर. गावाने कानाच्या भरवशावर ती धावपट्टी स्वीकारली होती.

मग बॅटरीवरची विमानं आली. उतरताना ती चाळणीतून पीठ पडावं तेवढाच आवाज करतात. पहिल्याच वर्षी एक म्हैस गेली. दुसऱ्या वर्षी एका मोटारसायकलवाल्याच्या डोक्यावरून विमान इतकं खाली गेलं की तो गाडीसकट आडवा झाला, आणि शिकाऊ वैमानिकाने घाबरून विमान चाकांऐवजी पोटावर उतरवलं. संस्थेने कॅमेरे लावून पाहिले. पठारावरची धूळ आणि उन्हाची थरथर यांत त्यांना दगड आणि माणूस सारखेच दिसायचे.

म्हणून तिसऱ्या वर्षी 'चाहूल' आली.

मी बी.एस्सी. फिजिक्स. त्यामुळे ते यंत्र गावाला समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. धावपट्टीच्या दोन्ही कडांना हातभर खोल एक काचेची तार पुरली होती, केसाइतकी बारीक. तिच्या एका टोकातून सेकंदाला हजारो वेळा प्रकाशाचे ठोके सोडतात. काच कितीही शुद्ध असली तरी आतून किंचित खडबडीत असते, आणि त्या खडबडीतपणावर आपटून थोडासा प्रकाश माघारी येतो. वर पाऊल पडलं की माती दबते, तार अगदी नकळत ताणली जाते आणि माघारी येणाऱ्या प्रकाशाची लय बदलते. बदललेला प्रकाश किती वेळाने परत आला यावरून पाऊल कुठे पडलं ते कळतं. लय कशी बदलली यावरून ते कुणाचं, ते ओळखायचं. आणि हे दुसरं काम यंत्राला आपण शिकवावं लागतं.

ते शिकवणाऱ्या आम्ही चौघीजणी. आमच्या कामाला संस्थेच्या कागदावर लांबलचक इंग्रजी नाव होतं, गावाने त्याचं 'ओळखनीस' करून टाकलं. यंत्राला शंका आली की आमच्यापैकी जिची पाळी असेल तिच्या फोनवर प्रश्न यायचा: 'खूण चौदा. शेळी की माणूस?' खूण चौदा म्हणजे मोरीसमोरची जागा. आम्ही पाहून, विचारून, दहा सेकंदांत उत्तर द्यायचं. माणूस म्हटलं की भोंगा वाजायचा, लाल दिवे लागायचे आणि उतरणारं विमान पुन्हा वर जायचं. शेळी म्हटलं तर नाही. पठारावर शेळ्या इतक्या, की प्रत्येक शेळीसाठी विमान परतवायचं तर एकही पोर उतरायला शिकलं नसतं. शेळीसाठी यंत्र नुसती शिट्टी द्यायचं, माणसाच्या कानाला न ऐकू येणारी, इतकी बारीक. शेळी कान टवकारून पळायची. पळाली नाहीच तर केबिनमध्ये बसलेल्या परमेश्वरभाऊंना निरोप जायचा, आणि ते काठी घेऊन निघायचे.

परमेश्वरभाऊंच्या नावावरून रोज एक तरी विनोद व्हायचा. "प्रत्यक्ष परमेश्वर ड्यूटीवर असल्यावर यंत्र कशाला हवं?" असं कुणी म्हटलं की ते म्हणायचे, "बाबा, परमेश्वराला पण दोनच डोळे दिलेत. आणि त्यातल्या एकात मोतीबिंदू उतरायलाय."

अडचण एकच उरली होती. सटवाईचं ठाणं धावपट्टीच्या पलीकडे होतं. लेकरू आजारी पडलं की बाया अनवाणी पायांनी, लेकरू कडेवर घेऊन, मोरीतून घुसून पलीकडे जायच्या. ग्रामसभेत त्यावर बोलायला मीच उभी राहिले. फळ्यावर आकृती काढली. विमान दिसल्यापासून टेकेपर्यंत किती सेकंद मिळतात ते सांगितलं. तेवढ्यावर थांबले असते तर बरं होतं.

"लेकराला ताप आला तर दवाखान्यात जायचं सोडून दगडाकडे धावायचं, आणि त्यासाठी विमानाखाली मरायचं?" मी म्हणाले. "कुठल्या शतकात आहोत आपण?"

पुरुष हसले. बायकांमध्ये माझ्या सासूबाई बसल्या होत्या, मी त्यांना आत्याबाई म्हणते. माझ्या नवऱ्याच्या जन्मानंतर त्या त्याच दगडाकडे गेल्या होत्या, हे मला ठाऊक होतं. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. ठराव झाला: ठाण्याला जायचं तर पुलाखालून जायचं.

त्यानंतर दोन महिन्यांनी माझ्या शर्वीला झटका आला.

ती चौदा महिन्यांची होती. ताप चढला, डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले. दीड मिनिट. त्या दीड मिनिटात मी काय काय कबूल केलं, कुणाकुणापुढे, ते मला अजून आठवतं. डॉक्टर म्हणाले, "तापातला झटका आहे. पुष्कळ मुलांना येतो, वय वाढलं की जातो. मेंदूला काही होत नाही." मी मान डोलवली. त्यांनी सांगितलेलं सगळं मला कळलं होतं, कुठे शंका नव्हती. तरी पंधरा दिवसांनी पुन्हा झटका आला, आणि डॉक्टर पुन्हा तेच म्हणाले. मी रोज रात्री तिच्या छातीवर हात ठेवून झोपायला लागले. झोपायला म्हणजे पडायला.

शेवटी मी सटवाईला पाच मंगळवार बोलले.

पुलाखालच्या रस्त्याने गेले असते तर एसटी थांब्यावरून, शाळेसमोरून जावं लागलं असतं. ग्रामसभेत फळ्यावर आकृती काढणारी बाई लेकरू कडेवर घेऊन अनवाणी कुठे चालली, हे सगळ्या गावाने पाहिलं असतं. म्हणून भर दुपारी, विमानांच्या जेवणाच्या सुट्टीत, मी मोरीतून घुसले. वेळापत्रक माझ्याकडेच होतं आणि पाळीही माझीच. आकाशात एकही विमान नव्हतं. मी कुणाचा जीव धोक्यात घालत नाहीये, असं मी स्वतःला दोनदा सांगितलं.

धावपट्टीच्या मध्यावर असताना हातातला फोन थरथरला.

'खूण चौदा. शेळी की माणूस?'

अनवाणी पाऊल मऊ पडतं. कडेवर मूल असलं की एक पाय जड पडतो आणि दुसरा हलका, पावलं आखूड आणि लंगडी येतात. यंत्राला कळेना, म्हणून त्याने ओळखनिसाला विचारलं. ओळखनीस त्या खुणेवर स्वतः उभी होती. माणूस म्हटलं असतं तर भोंगा वाजला असता, परमेश्वरभाऊ केबिनबाहेर आले असते, आणि मी तिथे, हातात हळदीकुंकवाची पुडी घेऊन.

मी 'शेळी' दाबलं.

मला काही ऐकू आलं नाही. पण कुंपणापलीकडे झोपलेलं कुत्रं कान पाडून उठलं आणि पळत सुटलं. तेव्हा लक्षात आलं, यंत्राने मला हाकललं होतं.

पाच मंगळवार, जाता-येता, दहा वेळा मी 'शेळी' दाबलं. शर्वीला पुन्हा झटका आला नाही. येणारच नव्हता की काय, ते मला माहीत नाही, आणि आता त्यावर बोलण्याचा हक्कही मला उरलेला नाही.

खरी लाजेची गोष्ट पुढेच आहे. माघात माझ्या ध्यानात आलं की प्रश्न येणं कमी झालंय. यंत्र शिकलं होतं. आता ते न विचारता स्वतःच ठरवायचं. मी नोंदी चाळल्या. खूण चौदावर रोज सकाळी साडेदहाला एक शेळी पलीकडे जायची आणि अकराला परत यायची. एकटीच. आता, शेळी एकटी हिंडत नाही, आणि घड्याळ बघून परत तर मुळीच येत नाही. ही कुणीतरी बाई आहे, कडेवर लेकरू आहे, हे मला त्या क्षणी कळलं. चूक सुधारायची तर 'ही ओळख कुठून आली' असं विचारायचं एक बटण होतं. ते दाबलं की माझे मंगळवारचे दहा शिक्के सगळ्यांसमोर आले असते.

मी नोंदवही बंद केली. उद्या बघू, म्हटलं. अकरा दिवस मी उद्या बघू म्हणत राहिले.

बाराव्या दिवशी सकाळी रेश्मा तिच्या दहा महिन्यांच्या समर्थला कडेवर घेऊन मोरीतून आत शिरली. समर्थला दूध पचत नव्हतं, ती सटवाईला एकवीस दिवस बोलली होती. मागून विमान उतरत होतं. यंत्राने तिला शिट्टी दिली. ती तिला ऐकू येण्यासारखी नव्हतीच. विमानात नागपूरची एक एकोणीस वर्षांची मुलगी होती, एकटीने उतरण्याची तिची तिसरी वेळ. तिला अगदी शेवटी पट्टीवर लाल लुगडं दिसलं. तिने विमान डावीकडे ओढलं. पंख रेश्माच्या डोक्यावरून गेला, विमान पट्टी सोडून चरात घुसलं. मुलीचा पाय दोन ठिकाणी मोडला. रेश्मा लेकराला पोटाशी धरून पडली, तिचं उजवं मनगट गेलं. समर्थच्या कपाळाला टेंगूळ आलं, बाकी काही नाही.

बाकी काही नाही, असं मी लिहिते आहे खरं.

चौकशी ग्रामपंचायतीच्या खोलीत झाली. यंत्र बनवणाऱ्यांकडून भडकमकर मॅडम आल्या होत्या, चाळिशीच्या, शांत. संस्थेचे व्यवस्थापक होते, परमेश्वरभाऊ होते, आम्ही चौघी ओळखनीस भिंतीला टेकून उभ्या होतो.

"यंत्राने शेळी सांगितलं," व्यवस्थापक म्हणाले. "हाकलूनही शेळी हटत नाही, असा निरोप तुम्हाला आला. निरोपापासून विमान टेकेपर्यंत चाळीस सेकंद होते. तुम्ही काय केलंत?"

"निघालो."

"चालत?"

"चालत." परमेश्वरभाऊंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "साहेब, शेळी म्हणून चालत गेलो. माणूस म्हणला असता तर पळालो असतो."

"डोळ्यांनी बघायला नको?"

"बघितलं की. लाल काहीतरी दिसलं. मी म्हणलं, शेळीच्या गळ्यात फडकं बांधलं असंल कुणी." मग ते हळूच म्हणाले, "यंत्र म्हणत होतं ना शेळी. ते आपल्यापेक्षा शिकलेलं."

व्यवस्थापकांनी सांगितलं की परमेश्वरभाऊंना कामावरून काढलं आहे आणि हलगर्जीपणाची तक्रार पोलिसांत जाईल. भडकमकर मॅडम म्हणाल्या, यंत्र का चुकलं ते शोधायला महिना लागेल. पण सोमवारी याच यंत्राचं शिकलेलं डोकं आणखी अकरा खासगी धावपट्ट्यांवर चढवायचं ठरलं आहे, आणि एका चुकीसाठी ते थांबवायला वरचे तयार नाहीत.

अकरा. प्रत्येक पट्टीशेजारी एखादं गाव असणार. प्रत्येक गावात कडेवर मूल घेतलेल्या बायका. माझी दहा बोटं तिथे आधीच पोहोचणार होती.

मॅडमनी आम्हा चौघींना विचारलं, "तुमच्यापैकी कुणाला काही लक्षात आलं होतं?" इतर तिघींनी नाही म्हटलं. मीही मान हलवली. बाहेर पडताना परमेश्वरभाऊ मला म्हणाले, "दीपश्री, तू शिकलेली आहेस. तो कागद काय म्हणतोय ते जरा वाचून दे, बाई." मी पायरीवर बसून त्यांना कामावरून काढल्याचा कागद वाचून दाखवला. पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत.

घरी आत्याबाई शर्वीला वरणभात भरवत होत्या.

"परमेश्वराला काढलं म्हणं," त्या म्हणाल्या.

"हो."

"गरीब माणूस. त्याची काय चूक?"

"काही नाही," मी म्हणाले, आणि तिथेच जमिनीवर बसून सगळं सांगितलं. पाच मंगळवार. दहा वेळा. अकरा दिवस. शेवटचं सांगताना माझा आवाज इतका खाली गेला की त्यांना पुढे वाकावं लागलं.

त्यांनी एक घास शर्वीच्या तोंडात घातला. "तू ठाण्याला जाती ते मला पहिल्या मंगळवारीच कळलं होतं."

"कसं?"

"लेकराच्या कपाळाला कुंकू. पुसलंस, पण कानामागं राहिलं होतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मी पण पुसलं. सभेत एवढं बोललीस, म्हणलं, लोकांत तुझी शोभा नको."

ग्रामसभेत मी त्यांचं चारचौघांत हसं केलं होतं, आणि त्यांनी माझी लाज माझ्या लेकराच्या कानामागून पुसली होती. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"आत्याबाई, आता काय करू?"

"मला काय विचारती? मी कुठं शिकलेली?" त्या म्हणाल्या. मग ताट उचलताना म्हणाल्या, "त्या बाई गावात हायेत तवर जा. मी येते संगं."

"नको. तुम्ही नका येऊ."

"का? आता माझी लाज वाटती व्हय?"

"माझी वाटते."

मॅडम सामान आवरत होत्या. रेश्मा तिथेच बाकावर बसली होती, जबाबावर अंगठा द्यायला; उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून डाव्या अंगठ्याला शाई लावत होते. परमेश्वरभाऊ केबिनच्या किल्ल्या परत करायला आले होते. मला वाटलं होतं मॅडम एकट्या भेटतील. मागे फिरावंसं वाटलं, ते मी लपवत नाही.

"मॅडम, यंत्र चुकलं नाही," मी म्हणाले. "त्याला मी तसं शिकवलं."

सगळं सांगताना मी मॅडमकडेच पाहत होते. परमेश्वरभाऊ किल्ल्यांचा जुडगा हातात धरून उभे राहिले. सकाळी मी त्यांना वाचून दाखवलेला कागद त्यांच्या खिशातून डोकावत होता.

"दुसऱ्या कुठल्या कारणाने नाही?" मॅडमनी विचारलं. "यंत्राची भीती, कामाचा ताण?"

"नाही. लोक बघतील म्हणून."

रेश्माने शाईचा अंगठा हवेतच धरला होता. "म्हणजे मला शेळी म्हणलं ते मशीन नव्हतं?"

"नाही."

"तू म्हणलीस."

"हो."

"आणि तुला म्हाईत होतं, मी रोज येते ते?"

"तू आहेस ते माहीत नव्हतं. कुणीतरी आहे, हे माहीत होतं."

"कुणीतरी," रेश्मा म्हणाली. तिने अंगठा कागदावर टेकवला.

सोमवारचं काम थांबलं. परमेश्वरभाऊंवरची तक्रार मागे घेतली गेली, माझ्यावर झाली. ती चालू आहे. माझं काम त्याच दिवशी गेलं. पण मॅडम जाताना म्हणाल्या, "शिकलेलं नुसतं पुसून टाकता येत नाही. खोडलं तरी त्यावर उभं राहिलेलं बाकीचं शिल्लक राहतं. त्याला खरी पावलं द्यावी लागतील. अनवाणी, कडेवर मूल घेतलेल्या बायका. तीस तरी हव्यात. तुम्ही जमवाल?"

मी घरोघर गेले. प्रत्येक दारात कशासाठी ते सांगावं लागायचं, आणि का बिघडलं तेही. पहिल्या दोन दारांत मी 'थोडी चूक झाली' म्हणाले. तिसऱ्या दारात एका म्हातारीने विचारलं, "कुणाकडनं?" तिथून पुढे नीट सांगायला लागले. काहींनी दार लावून घेतलं. एक म्हणाली, "येते की. सभेत तू आम्हाला अडाणी म्हणलीस, आता अडाण्यांची पावलं पाहिजेत व्हय?" मी हो म्हटलं.

ठरलेल्या सकाळी विमानं बंद ठेवली होती. एकतीस बायका आल्या. बत्तिसावी रेश्मा, तिला मी फक्त निरोप पाठवला होता, दारात जायचं धाडस झालं नव्हतं. आत्याबाईंनी शेजारचं लेकरू कडेवर घेतलं. शर्वीलाही एका बाईने घेतलं, कारण मॅडमनी मला सांगितलं होतं, "तुमची पावलं नकोत."

मग मी काय करणार? बायकांनी कुंपणापाशी चपला काढल्या. तिथे कुत्री फार, एक कुत्रं एक चप्पल घेऊन पळालंसुद्धा. "दीपश्री, तू चपला राख," कुणीतरी म्हणालं, आणि मी चपला राखायला बसले.

पहिली बाई निघाली. भोंगा वाजला नाही. कुत्री तेवढी दचकली. दुसरी, तिसरी, आठवी. प्रत्येक वेळी केबिनमधून मॅडम यंत्राला 'माणूस' सांगत होत्या आणि परमेश्वरभाऊ काठीने वहीत रेघ मारल्यासारखं जमिनीवर एकेक रेघ ओढत होते. सतरावी बाई खूण चौदावर पोहोचली आणि भोंगा असा खेकसला की तिच्या कडेवरचं पोर किंचाळलं.

ती मध्येच थांबली, छातीवर हात ठेवला आणि वळून ओरडली, "अगं बायांनो! मला माणसात घेतलं गं!"

सगळ्या हसल्या. कुंपणाला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. परमेश्वरभाऊही हसले. मी खाली पाहत राहिले.

रेश्मा शेवटी गेली. समर्थला डाव्या कडेवर घेऊन, प्लास्टरचा हात अंगाशी धरून. यंत्राने क्षणभरही वेळ घेतला नाही. ती पट्टीवर पाय ठेवते न ठेवते तोच लाल दिवे लागले. ती त्या आवाजात सावकाश पलीकडे गेली आणि सावकाश परत आली.

तिची चप्पल उलटी पडली होती. लेकरू कडेवर, एक हात मोडलेला, तिला ती पायानेच सरळ करावी लागत होती आणि होत नव्हती. मी वाकले आणि हात पुढे केला.

"राहू दे," ती म्हणाली.

मी हात मागे घेतला. तिने अंगठ्याने पट्टा पकडला, चप्पल सरळ केली, ती पुन्हा उलटली. तिने पुन्हा पकडली. सगळ्या बाया आपापल्या चपला घालून गेल्या होत्या. मी तिथेच वाकलेली, तिचं होईपर्यंत.